सीमाभागातील खेड्यात परदेशी मदतीवर दवाखाना आणि शाळेचे काम सुरू करताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव तालुक्यांतील कितीतरी घरांतली मुले-मुली आज आखाती देशांत, इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत नोकरीला आहेत. त्यांच्या ओळखीतून एखादी छोटी परदेशी धर्मादाय संस्था गावातल्या दवाखान्याला किंवा मुलांच्या शिक्षणाला पैसे द्यायला तयार होते. देणारे तिकडे तयार असतात आणि गरजही खरी असते, पण मधला रस्ता कोणी नीट सांगत नाही. आमच्या ट्रस्टने तो रस्ता पूर्ण पार केला आहे. जे इकडच्या टोकाला बसून काम उभे करू पाहतात, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

क्रम असा ठेवावा: आधी काम, मग संस्था, मग परवानगी आणि सर्वांत शेवटी पैसा. हा क्रम उलटा झाला की अडचणी सुरू होतात, कारण एकदा खात्यात आलेली परदेशी रक्कम 'चुकून आली' असे म्हणून सहज परत करता येत नाही.

१. पैसा कायद्याच्या भाषेत कोणाचा आहे, हे आधी पाहा

परदेशातून आलेला प्रत्येक रुपया 'परदेशी देणगी' ठरत नाही. परदेशी देणगी नियमन कायदा, २०१०, म्हणजे सगळे ज्याला एफसीआरए म्हणतात तो कायदा, देणारा कुठे राहतो यापेक्षा तो कोण आहे हे पाहतो. दुबईत नोकरी करणाऱ्या तुमच्या पुतण्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत ट्रस्टला पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी मानली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत आणि पैसे स्वतःच्या बचतीचे असल्याचे सहीचे पत्र फायलीला लावून ठेवावे. पण लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मावशींनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी त्यांची देणगी परदेशी देणगीच ठरते.

यातला एक बारकावा फार जणांच्या लक्षात येत नाही. परदेशात स्थापन झालेले मंडळ, क्लब किंवा संस्था हा परदेशी स्रोत आहे, भले त्याचे सगळे सभासद आपल्या गावाकडचे भारतीय नागरिक असोत. म्हणून त्या मंडळाच्या खात्यातून आलेला धनादेश घेता येत नाही, पण त्याच सभासदांनी वैयक्तिकरीत्या, आपापल्या खात्यातून पाठवलेली देणगी घेता येते.

यातूनच सर्वांत धोक्याची पळवाट सुचते: परदेशी संस्थेने पैसे पुतण्याच्या खात्यावर टाकायचे आणि पुतण्याने ते स्वतःचे म्हणून ट्रस्टला द्यायचे. असे कधीही करू नये, कारण हा कायद्याचा सरळ भंग आहे आणि त्यात सर्वांत आधी अडकतो तो सद्हेतूने मदत करणारा पुतण्याच. दुसरा सापळा मोबाइलमधला आहे. ट्रस्टच्या साध्या खात्याला जोडलेली देणगीची लिंक कोणीतरी परदेशातल्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि परदेशी कार्डावरून पैसे जमा होतात. त्यामुळे पेमेंट गेटवे घेतानाच परदेशी कार्डे बंद ठेवायला लेखी सांगावे.

वस्तूंनाही हाच नियम लागू होतो. परदेशी संस्थेने पाठवलेले ईसीजी यंत्र ही वस्तुरूपातली परदेशी देणगीच असते. शिवाय वापरलेली वैद्यकीय यंत्रे आयात करण्याचे नियम कडक आहेत आणि बिघडल्यावर सुटे भाग इथे मिळत नाहीत. त्यामुळे यंत्र बेळगावातूनच घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

२. संस्था कर्नाटकच्या कायद्याप्रमाणे नोंदवा

मराठीत ट्रस्टविषयी जे लिहिलेले सापडते, ते बहुतेक महाराष्ट्रासाठी असते. त्यात धर्मादाय आयुक्त, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि विश्वस्त वगैरे बदलल्यावर द्यायचे बदल-अर्ज यांचे वर्णन असते. कोल्हापूरच्या एखाद्या ओळखीच्या संस्थेचा मसुदा आणून त्यावर फक्त गावाचे नाव बदलून चालत नाही. बेळगाव जिल्ह्यात नव्या संस्थेपुढे साधारण दोन सोपे मार्ग असतात. एक म्हणजे ट्रस्ट डीड (विश्वस्तपत्र) करून ते उपनोंदणी कार्यालयात नोंदवणे. दुसरा म्हणजे कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली किमान सात सभासदांची संस्था जिल्हा संस्था निबंधकांकडे नोंदवणे. लहान कामाला ट्रस्ट सुटसुटीत पडतो, पण विश्वस्तांवर सभासदांचा वचक हवा असेल तर संस्था बरी.

गावात आधीपासून जुनी संस्था असेल तर तिचे मूळ कागद नीट तपासून घ्यावेत. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे त्या काळच्या संस्थांची नोंदणी मुंबईच्या कायद्याखाली झालेली असते आणि तिची आजची कायदेशीर स्थिती बेळगावच्या जाणत्या वकिलाकडूनच ठरवून घ्यावी लागते.

डीड कन्नड किंवा इंग्रजीत करावे, कारण पुढे ते बेंगळुरू आणि दिल्लीच्या कार्यालयांत वाचले जाणार असते. मात्र सही करण्यापूर्वी त्याचा पूर्ण मराठी तर्जुमा सर्व विश्वस्तांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या बैठकीत असे वाचन झाले तेव्हा 'उद्देश' या कलमात शिक्षण होते, आरोग्य होते, पण 'दवाखाना चालवणे' हे शब्दच नव्हते, हे एका विश्वस्त काकूंच्या लक्षात आले. ती ओळ तिथेच घातली गेली. नंतर तीच दुरुस्ती करायची म्हटली तर पुरवणी डीड, पुन्हा नोंदणी आणि आयकर खात्याला कळवणे इतके सगळे आले असते.

डीडमध्ये पुढील गोष्टी असल्याच पाहिजेत: लाभ जात, धर्म, भाषा न पाहता सर्वांना मिळेल, विश्वस्तांना नफा वाटला जाणार नाही, बँक व्यवहाराला दोन सह्या लागतील, आणि संस्था बंद झाल्यास मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल. निवडणूक लढवणारे, पक्षाचे पदाधिकारी आणि सरकारी नोकरीतले लोक विश्वस्त मंडळात घेऊ नयेत. त्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण नाव कागदावर आले की पुढे प्रत्येक टेबलावर त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

३. पॅन, आयकर आणि दर्पण

डीड हातात आले की ट्रस्टच्या नावाने पॅन काढावे, साधे बचत खाते उघडावे, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद करून ओळख क्रमांक घ्यावा आणि आयकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी करावी. लोक या नोंदणीला अजून '१२ए' (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि '८०जी' (देणाऱ्याला करसवलत) म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे सीएला विचारूनच फॉर्म भरावा. परदेशी देणगीदाराला आपल्या ८०जीचा काही उपयोग नसतो, पण १२ए नसेल तर आलेल्या देणगीवरच कर बसू शकतो. त्यामुळे ही पायरी वगळू नये.

४. नोंदणी की पूर्वपरवानगी, हे ठरवा

केंद्रीय गृहमंत्रालयाकडे दोन वाटा आहेत. कायमस्वरूपी कामासाठी एफसीआरए नोंदणी असते आणि ती पाच वर्षांसाठी मिळते. तिच्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. खेड्यातल्या नव्या संस्थेला ही अट पेलत नाही. दुसरी वाट पूर्वपरवानगीची. ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रक्कम घेण्याची ही परवानगी नव्या संस्थेलाही मागता येते. माझ्या मते सीमाभागातल्या छोट्या ट्रस्टसाठी हीच योग्य सुरुवात आहे, कारण अर्ज करतानाच कामाचा आराखडा आणि हिशेब पक्का करावा लागतो आणि ही शिस्त पुढे उपयोगी पडते.

पूर्वपरवानगीतही काही अटी आहेत. आपल्या संस्थेचा मुख्य पदाधिकारी देणाऱ्या संस्थेचा सदस्य असता कामा नये, आणि आपल्या कार्यकारिणीतील किमान ७५ टक्के लोकांचा त्या संस्थेशी सभासद किंवा नोकर म्हणून संबंध नसावा. लंडनमधला भाऊ तिकडे विश्वस्त आणि इकडे अध्यक्ष, अशी घरगुती मांडणी इथेच अडते. रक्कम एक कोटीच्या वर असेल तर ती हप्त्यांनी मिळते आणि आधीच्या हप्त्यातला ७५ टक्के खर्च दाखवल्यावर, प्रत्यक्ष चौकशी होऊन पुढचा हप्ता सुटतो.

'मोठ्या नोंदणीकृत संस्थेकडून पैसे आपल्याकडे वळवून घेऊ' असे सुचवणारे अजूनही भेटतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण बंदी आहे. तेव्हा तो विषय तिथेच संपवावा.

अर्जापूर्वी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत एफसीआरए खाते उघडावे लागते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. जवळच्या स्टेट बँक शाखेतून कागद पुढे जातात. शाखेतल्या कर्मचाऱ्यांना हे काम क्वचितच येते, म्हणून शाखाधिकाऱ्यांची वेळ घेऊन, सर्व प्रतींचे दोन संच बरोबर नेऊन जावे.

अर्जासाठी पुढील कागद आधीच तयार ठेवावेत:

- नोंदणीकृत डीड किंवा संस्थेची घटना आणि नोंदणीचे प्रमाणपत्र
- ट्रस्टचे पॅन आणि दर्पण क्रमांक
- सर्व पदाधिकाऱ्यांचे आधार आणि विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्रे
- अर्ज करण्याविषयीचा विश्वस्तांचा ठराव. ठराव मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर
- आतापर्यंतच्या कामाचा अहवाल आणि असतील ते तपासलेले हिशेब
- देणगीदाराचे हमीपत्र आणि कामाचा तपशीलवार आराखडा
- दिल्लीच्या खात्याचा तपशील

आधारवरचे, पॅनवरचे आणि डीडमधले नाव अक्षरशः एकच असायला हवे. आपल्याकडे आडनावाच्या जागी गावाचे नाव, कन्नडमधून इंग्रजीत गेलेले वेगळे स्पेलिंग आणि वडिलांच्या नावाची आद्याक्षरे यांचा घोळ घराघरात आहे. तो अर्जाच्या आधी मिटवावा. अर्ज गेल्यावर चौकशीसाठी अधिकारी गावात येऊ शकतात. त्यांना दाखवायला रजिस्टरे, ठरावबुक आणि प्रत्यक्ष काम असावे, आणि जे विचारतील त्याला सरळ उत्तर द्यावे.

५. देणाऱ्या संस्थेची पारख आणि हमीपत्र

आपण गरजू आहोत म्हणून देणाऱ्याची चौकशी करू नये, असा संकोच बाळगू नका. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थेचे वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर असले की तिला तिथल्या चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते आणि ती नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. विश्वस्तांची नावे आणि हिशेब वेळेवर भरले की उशिरा, हे तिथे दिसते. अमेरिकेतील करमुक्त संस्थांची यादीही तिथल्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येते.

हमीपत्रात रक्कम, काम, ठिकाण आणि मुदत स्पष्ट हवी. विनिमय दर बदलल्यास रुपयांतली तूट कोणी सोसायची, हेही लिहून घ्यावे. हप्त्यांच्या तारखा मात्र आपण सुचवाव्यात, कारण तिकडच्या लोकांना इथला पावसाळा ठाऊक नसतो. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांत जूनपासून रस्ते बेभरवशाचे होतात, म्हणून औषधांचा साठा मेअखेर पोहोचलेला असावा लागतो. कर्नाटकातल्या शाळाही महाराष्ट्राच्या आधी, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला उघडतात. त्यामुळे पहिला हप्ता एप्रिलमध्येच हातात पडेल असे ठरवावे. ऑगस्टमध्ये आलेल्या दप्तरांचा मुलांना काय उपयोग?

६. दवाखान्याचे कागद

फुकट तपासणी असली तरी दवाखान्याला कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ खाली नोंदणी लागते. ती जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेले जिल्हा प्राधिकरण देते, पण प्रत्यक्ष काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून चालते. त्याबरोबर जैववैद्यकीय कचऱ्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या अधिकृत केंद्राशी करार लागतो. वापरलेल्या सुया घरामागच्या खड्ड्यात पुरणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याच परड्यात लहान मुले खेळत असतात.

जागेसाठी भाडेकरार आणि ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तू उतारा (मिळकतीचा ऑनलाइन उतारा) घ्यावा. अभयारण्याच्या हद्दीतल्या वाडीत बांधकामाच्या फंदात पडू नये. आठवड्याचा ठरलेला वार आणि फिरता दवाखाना हेच तिथे जमण्यासारखे आहे.

डॉक्टरांबाबत सीमाभागात हमखास गफलत होते. चंदगड किंवा कोल्हापूरचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायला तयार असतात, पण त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेची असते. इथे नियमित रुग्ण तपासायचे तर कर्नाटक वैद्यक परिषदेकडे नोंद करून घ्यावी. आयुर्वेदाच्या पदवीधरांना ॲलोपॅथी औषधे लिहिण्याबाबत महाराष्ट्रात असलेली तरतूद कर्नाटकात लागू आहे, असे गृहीत धरू नये. परदेशी संस्थेचे पाहुणे डॉक्टर आले तर त्यांनी येथील परवानगीशिवाय रुग्णाला हात लावू नये. त्यांनी कर्मचाऱ्यांशी चर्चा करावी, एवढेच.

सरकारी यंत्रणेला वळसा घालून दवाखाना टिकत नाही. पहिल्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना भेटावे. लसीकरण त्यांच्याकडेच राहू द्यावे. क्षयरोगाचा रुग्ण आढळला तर कळवणे बंधनकारक आहे, आणि कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशही कळवण्याच्या यादीत आहे. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण आपल्या खोलीत थांबवून ठेवू नये, लगेच १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात हलवावे. भिंतीवर त्या रुग्णालयाचा नंबर आणि वाडीपासून तिथवर लागणारा वेळ मोठ्या अक्षरात, मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून ठेवावा.

७. शिक्षणाचे काम

नवी शाळा काढू नका. सरकारी मराठी आणि कन्नड शाळा गावात आहेत, शिक्षक आहेत. कमी पडते ते शौचालय, पाणी, वाचायची पुस्तके आणि सातवीनंतर तालुक्याला जाणाऱ्या मुलाचा बसपास. शाळा विकास व देखरेख समितीचा ठराव आणि क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन वस्तू ट्रस्टनेच विकत घ्याव्यात आणि मुख्याध्यापकांची पोच घेऊन सोपवाव्यात. परदेशी देणगीची रोख रक्कम समितीच्या खात्यात भरू नये, कारण तो पैसा दुसरीकडे वळवल्यासारखा ठरू शकतो. शिष्यवृत्तीची यादी करताना उत्पन्न आणि शाळेपासूनचे अंतर हेच निकष ठेवावेत, आणि मुलाचे नाव-फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय परदेशी पाठवू नये. देणाऱ्याने कितीही आग्रह केला, तरी मुलाच्या गरिबीचे प्रदर्शन करणारे फोटो देण्यास नकार द्यावा. समजूतदार संस्था तो नकार समजून घेतात.

८. पैसा आल्यावर

पैसा आधी दिल्लीच्या खात्यात येतो. तिथून तो गावाजवळच्या बँकेत उघडलेल्या वापर-खात्यात आणता येतो. या दोन्ही खात्यांत स्थानिक देणगीचा एक रुपयाही भरू नये. गणेशोत्सवाची वर्गणी असो वा पुतण्याची देणगी, ती ट्रस्टच्या साध्या बचत खात्यातच जावी. परदेशी रकमेवरचे व्याजसुद्धा परदेशी देणगी म्हणूनच दाखवावे लागते.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. म्हणजे १० लाख आले तर कार्यालयाचे भाडे, हिशेबनीसाचा पगार, ऑडिटची फी हे सारे मिळून २ लाखांत बसले पाहिजे. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आणि शाळेतल्या शिक्षकांचा पगार यात धरला जात नाही, कारण तो मूळ कामाचाच खर्च आहे.

बिलांबाबत काटेकोर राहावे. बेळगावच्या खडेबाजारातून रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या घेतल्या तर बिल ट्रस्टच्या पूर्ण नावाने घ्यावे, त्यावर तारीख, जीएसटी क्रमांक आणि नग असावेत, आणि पैसे वापर-खात्यातून थेट दुकानदाराच्या खात्यात जावेत. बिलाच्या मागे 'परदेशी देणगी' असा शिक्का मारावा आणि खाली त्या दिवसाच्या साठा-रजिस्टरचा पान क्रमांक लिहावा. ऑडिटर आठ महिन्यांनी विचारतो तेव्हा त्या एका पान क्रमांकावरून पट्ट्या कोणत्या वाडीत वापरल्या हे दाखवता येते.

९. डिसेंबर आणि पुढची वर्षे

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि परदेशी देणगीचे वार्षिक विवरणपत्र, एफसी-४, त्यापुढील ३१ डिसेंबरपर्यंत ऑनलाइन भरावे लागते. एखाद्या वर्षी एक रुपयाही आला नाही, तरी ते भरायचेच असते. पदाधिकारी, पत्ता किंवा बँक बदलली तर ४५ दिवसांत कळवावे लागते. नोंदणीचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी मागावे, कारण मुदत उलटली की पैसे घेणे आणि वापरणे दोन्ही थांबते आणि परिचारिकेचा पगार अडकतो.

म्हणूनच पहिल्या वर्षापासून दवाखान्याचा निदान तीन महिन्यांचा पगार आणि औषधांचा खर्च स्थानिक देणग्यांतून बाजूला काढून वेगळ्या ठेवीत ठेवावा. गावाने घरटी थोडे-थोडे द्यायचे ठरवले तर ते एका वर्षात जमते. ठेवीची पावती अध्यक्षांकडे नको, बँकेच्या नोंदीसह खजिनदारांच्या फायलीत असावी, आणि ती मोडण्याचा अधिकार विश्वस्तांच्या ठरावाशिवाय कोणालाही देऊ नये.